रोलर कोस्टरवर पहिल्यांदा बसायचं आहे? बेळगाव, खानापूर, निपाणीकडून निघणाऱ्यांसाठी

खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी विज्ञान शिकवतो. सहलीचा विषय निघाला की मुलं म्हणतात, "सर, गड-किल्ले झाले, यंदा रोलर कोस्टर." एकदा पालकसभेत हा विषय मांडला, तर मागच्या बाकावरून एका मुलीची आजी उठली. "सर, ते उलटं होतंय म्हणे. पोर मधीच लोंबकळत राहिली तर कुणाला विचारायचं वो?"

आजींचा प्रश्न अगदी रास्त होता आणि माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. म्हणून आधी मी स्वतः जाऊन बसून आलो, यंत्र समजून घेतलं, मग मुलांना नेलं. आतापर्यंत तीनदा नेलंय. राइड दोन-तीन मिनिटांची असते, पण ती आनंदाची होणार की त्रासाची, हे आदल्या रात्रीची झोप, सकाळचा नाश्ता आणि पार्कातला पहिला तास यावरच बहुतेक ठरून जातं, असा माझा अनुभव आहे. तेच सगळं क्रमानं सांगतो.

कुठं जायचं

आपल्या भागातून दोन दिशा आहेत. उत्तरेला रायगड जिल्ह्यात खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिका पार्क, २०१३ साली सुरू झालेलं. दक्षिणेला बेंगळूर-म्हैसूर रस्त्यावर बिडदीजवळ वंडरला, २००५ सालचं.

इमॅजिकाचं 'नायट्रो' हे खरं मोठं कोस्टर. उंची सुमारे ४० मीटर, म्हणजे बारा-तेरा मजली इमारतीएवढी, आणि वाटेत पाच वेळा माणूस उलटा होतो. बोलिजर अँड मॅबिलार्ड या स्वित्झर्लंडच्या कंपनीनं ते बनवलंय. यात गाडी सुटताना पायाखालची फळी काढून घेतात, पाय मोकळे लटकतात.

वंडरलाचं 'रिकॉइल' वेगळ्या जातीचं. गाडी आधी मागं ओढत चढावर नेतात आणि सोडून देतात. ती स्थानकातून सुसाट पुढं जाते, वळसे आणि लूप (माणसाला उलटं करणारा उभा फेरा) पार करून दुसऱ्या टोकाच्या चढावर पोचते. तिथून तोच सगळा मार्ग उलट्या दिशेनं, पाठीकडून. पुढं काय येतंय ते दिसत नाही, त्यामुळे उंची कमी असली तरी ते सोपं समजू नये.

सगळ्यात नवीन हवं असेल तर २०२५ च्या डिसेंबरात चेन्नईजवळ वंडरलाचं नवं पार्क उघडलंय. तिथल्या 'तंजोरा' कोस्टरमध्ये रूळ डोक्यावर आणि माणसं खाली टांगलेली, अशी रचना आहे. पण नुसत्या एका राइडसाठी बेळगावहून चेन्नई गाठणं मुलाबाळांना घेऊन परवडत नाही, वेळेनंही नाही. कुठलंही कोस्टर नवं असताना रांग मोठी असते, आणि तपासणीसाठी किंवा बारीकसारीक दुरुस्तीसाठी ते मधेमधे बंद राहू शकतं. अख्खी सहल त्या एकाच राइडवर टांगून ठेवू नका. निघायच्या आदल्या दिवशी फोन करून राइड चालू आहे का, एवढं तरी विचारून घ्या.

माझं मत विचाराल तर स्वतःची गाडी नसेल त्यांनी बिडदीला जावं. कोस्टरचीच खरी ओढ असेल त्यांनी खोपोलीला.

तारीख निवडताना आपला फायदा बघा

सीमाभागात राहण्याचा एक फायदा इथं होतो. आपल्या मुलांना सुट्ट्या कर्नाटकाच्या. दसऱ्याची मोठी सुट्टी कर्नाटकात, तर महाराष्ट्रातल्या शाळांना मोठी सुट्टी दिवाळीत. त्यामुळे दसऱ्याच्या सुट्टीत मंगळवार-बुधवार पकडून खोपोलीला गेलात तर मुंबई-पुण्याची मुलं शाळेत असतात आणि रांगा निम्म्यावर येतात. त्याच दिवसांत बिडदीला जाणं मात्र टाळा. कर्नाटकातल्या सगळ्या शाळांना सुट्टी, वर म्हैसूरचा दसरा, आणि पार्क नेमकं त्याच रस्त्यावर.

पावसाळ्यात खोपोलीचा पाऊस आपल्या खानापूरच्या पावसासारखाच कोसळतो. विजा चमकू लागल्या किंवा वारा वाढला की उंच राइड थांबवतात, आणि थांबवायलाच हव्यात. एप्रिल-मे मध्ये सुट्टी सगळ्यांनाच असते आणि रूळांखाली उभं राहून ऊन सोसवत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला कामाचा दिवस सगळ्यात चांगला. तिकीट पार्कच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच काढा. कामाच्या दिवशी दर बहुधा कमी असतो.

जायचं कसं

बिडदीसाठी राणी चन्नम्मा एक्सप्रेससारखी गाडी बरी. संध्याकाळी बेळगावात बसायचं आणि सकाळी बेंगळुरात उतरायचं. गाडीला कित्तूरच्या राणीचं नाव, आणि जिथं उतरता त्या स्थानकाला तिच्याच सरदाराचं, संगोळ्ळी रायण्णांचं. कित्तूर आणि संगोळ्ळी दोन्ही आपल्याच जिल्ह्यातली. मुलांना हे गाडीत सांगितलं की त्यांना बेंगळूर एकदम परकं वाटत नाही. स्थानकाजवळून जांभळ्या मार्गाच्या मेट्रोनं केंगेरीला उतरा, पुढं बिडदीची बस मिळते. म्हैसूरकडे जाणाऱ्या पॅसेंजर गाड्याही बिडदीला थांबतात.

खोपोली बेळगावहून रस्त्यानं सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. निपाणी, कोल्हापूर, कराड, सातारा, खंबाटकी घाट, पुणे आणि मग द्रुतगती मार्ग. आठ-नऊ तास धरा, महामार्गाचं काम चालू असेल तिथं आणखी. रेल्वेनं जायचं तर पुण्यापर्यंत जा, पुढं लोणावळा लोकल आणि लोणावळ्याहून टॅक्सीनं घाट उतरून खाली.

एक चूक मी स्वतः केलीय. रात्रभर जीप हाकत गेलो आणि सकाळी थेट रांगेत उभा राहिलो. झोप नव्हती. पहिल्या राइडनंतर डोकं असं धरलं की दुपारपर्यंत झाडाखाली आडवा होतो. मुलं दिवसभर माझ्याकडे बघून हळू आवाजात बोलत होती. तेव्हापासून नियम केलाय: खोपोलीची सहल म्हणजे आदला मुक्काम लोणावळ्यात किंवा खोपोलीतच. मुक्कामाचा खर्च वाचवून तिकिटाचे पैसे वाया घालवण्यात अर्थ नाही.

घरीच करून ठेवायची कामं

पहिलं काम, मुलाची उंची मोजा. चप्पल-बूट काढून, भिंतीला टाच लावून. मोठ्या कोस्टरला साधारण १४० सेंटीमीटरच्या आसपास उंची लागते. नेमका आकडा त्या त्या राइडच्या फलकावर असतो. वंडरलात तर लहान-मोठ्याचं तिकीटही वयावर नसून उंचीवर आहे. दोन सेंटीमीटर कमी पडतात म्हणून बुटात कागद भरणारे पालक मी पाहिलेत. असं कधीही करू नका. खांद्यावरून येणारा तो पट्टा ठरावीक बांध्याच्या माणसासाठी बनवलेला असतो. लहान शरीर त्यात घट्ट बसत नाही, आणि उलटं झाल्यावर तो घट्टपणाच माणसाला धरून ठेवतो. मुलाला घरीच सांगा, "यंदा नाही, पुढच्या वर्षी." रांगेत दीड तास उभं राहून उंचीच्या फलकापाशी परत फिरलेल्या मुलाचं तोंड बघवत नाही.

गरोदर बाई, हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेला माणूस, मानेचं-कमरेचं दुखणं, फिट्सचा इतिहास, अलीकडे झालेलं ऑपरेशन, यातलं काही असेल तर मोठ्या कोस्टरवर बसू नये. शंका असेल तर आपल्या डॉक्टरांना आधीच विचारा, दारातल्या मुलाला नको.

कपड्यांत साडी आणि ओढणी नको. पँट आणि अंगाबरोबरचा शर्ट किंवा कुर्ता बरा. केस घट्ट बांधा. मंगळसूत्र, कानातली लोंबती डूल, सैल बांगड्या मुक्कामी किंवा लॉकरमध्ये ठेवा. बायकांना मंगळसूत्र काढायला जड जातं, हे मला माहीत आहे. तेवढ्यापुरतं कपड्याच्या आत घालून वरून पिन लावतात, पण काढून ठेवणंच सुरक्षित. चष्म्याला मागून बांधायची दोरी मेडिकल किंवा चष्म्याच्या दुकानात मिळते. ती नसेल तर चष्मा काढून ठेवा. मोबाइल खिशात ठेवून बसायचं नाही. तो उडाला तर तुमचा जातोच, वर खाली उभ्या असलेल्याच्या डोक्यात बसतो. पायात मागून पट्टा असलेली सँडल किंवा बूट घाला.

पाण्याच्या राइडसाठी नायलॉनचे कपडेच चालतात, सुती चालत नाहीत. तिथं भाड्यानं मिळतात, पण स्वतःचे नेलेले बरे. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे भाकरीचा डबा आणि शेंगदाण्याची चटणी प्रवासात संपवा.

सकाळचा नाश्ता

उपाशी जायचं नाही आणि तडस लागेपर्यंत खायचंही नाही. राइडच्या दीड-दोन तास आधी हलकं खा. बिडदीची तट्टे इडली प्रसिद्ध आहे, ताटलीएवढी, मऊ. त्यातली एक आणि थोडी चटणी पुरे, तेलकट वडा नको. खोपोलीकडे मिसळ-वडापावचा मोह होतो. तो परतीच्या वाटेवर पुरा करा.

चोर्ला घाटात गाडी लागणारी मुलं विचारतात, "सर, मला उलटी होणार काय?" बहुतेक वेळा होत नाही. घाटात तासभर डुलणं असतं, डोळे गाडीच्या आत असतात आणि कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय वेगळंच सांगत असतं. त्या भांडणातून मळमळ येते. कोस्टर दोन-तीन मिनिटांत संपतं आणि तुम्ही समोर बघत असता. उलट, जत्रेतल्या ब्रेक डान्स-टोराटोरासारख्या गरगर फिरणाऱ्या राइड अशा मुलांना जास्त त्रास देतात. त्यांनी कोस्टर आधी आणि गरगरणारं काही असलंच तर शेवटी घ्यावं.

दारातून आत गेल्यावर

उघडायच्या अर्धा तास आधी दारात उभे राहा. आत शिरताच बहुतेक लोक फोटो काढत, नकाशा उलगडत थांबतात. तुम्ही नकाशा आदल्या रात्री बघून ठेवलेला असावा. मन पक्कं असेल तर सरळ मोठ्या कोस्टरकडे चाला. पहिल्या तासात जी रांग वीस मिनिटांची असते ती दुपारी चौपट होते.

घाबरणारं कुणी बरोबर असेल तर वेगळं करा. इमॅजिकात 'गोल्ड रश एक्सप्रेस' हे कुटुंबासाठीचं छोटं कोस्टर आहे, त्यावर आधी बसवा. पोटात कसं गोळा येतो ते एकदा कळलं की मोठं कोस्टर अनोळखी राहत नाही. मी मुलांचे दोन गट करतो. धीट मुलं एका शिक्षकाबरोबर थेट नायट्रोवर, बाकीची माझ्याबरोबर छोट्यावर.

ज्याला बसायचं नाही त्याला बसवू नका. "भ्यालास काय?" म्हणून डिवचू नका. बॅगा सांभाळायला कुणीतरी लागतंच.

रांगेत सांगायची गोष्ट

त्या आजींना जे सांगायला हवं होतं ते मी आता रांगेत उभं राहून मुलांना दाखवतो. डब्याची चाकं नीट बघायला सांगतो. रुळावर धावणारी चाकं वर, रुळाला बाजूनं धरणारी दुसरी, आणि तिसरी रुळाच्या खालून. डबा रुळावर नुसता ठेवलेला नसतो, तीन बाजूंनी पकडलेला असतो. खालून धरणाऱ्या चाकाचं पेटंट जॉन मिलर या अमेरिकन माणसानं १९१९ साली घेतलं. उलटं झालं तरी डबा सुटत नाही तो या चाकांमुळे.

चढावर जाताना कट-कट-कट असा आवाज येतो. तो ऐकून निम्मी मुलं डोळे मिटतात. तो आवाज बिघाडाचा नाही. डब्याखालचे खटके दात्यांवरून सरकत असतात. साखळी तुटली तरी ते दात्यात अडकतात आणि गाडी मागं घसरत नाही. विहिरीच्या रहाटाला खुंटी लावावी तसं.

"मधीच थांबलं तर?" थांबू शकतं. मार्गाचे भाग पाडलेले असतात आणि एका भागात एका वेळी एकच गाडी असू शकते. पुढची गाडी हलली नसेल तर मागची आपोआप थांबते, बहुधा चढावर किंवा ब्रेकच्या पट्ट्यावर. आपल्याकडे रेल्वेचे सिग्नल जसं काम करतात, तसंच. अशा वेळी शांत बसून राहायचं. पट्टा स्वतः उघडायचा प्रयत्न करायचा नाही. कर्मचारी येऊन उतरवतात.

आणि लूप. तो नीट बघितला तर गोल नसतो, थेंबासारखा असतो, वर निमुळता आणि खाली रुंद. पूर्ण गोल केला तर वरच्या टोकाला जेमतेम तग धरेल इतक्या वेगानं जाणाऱ्या गाडीतही तळाशी माणसाला आपलं वजन सहापट वाटेल. मान दुखावेल. १९७६ साली अमेरिकेत व्हर्नर श्टेंगेल या जर्मन अभियंत्यानं थेंबाच्या आकाराचा लूप वापरला आणि उलटं होणं सुसह्य झालं. दहावीच्या मुलांना मी रांगेतच गणित घालतो: ४० मीटर उंचीवरून सुटलेली गाडी खाली आली की वेग किती? वस्तुमान निघून जातं, उत्तर सेकंदाला २८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे शंभर किलोमीटर. सोबतचा जाडा मित्र जास्त जोरात जाणार नाही, हे कळल्यावर मुलांना फार आश्चर्य वाटतं.

बसल्यावर

पहिल्यांदा मधली ओळ घ्या. पुढच्या ओळीत समोर सगळं मोकळं दिसतं, शेवटच्या ओळीला उतारावर पुढचे डबे खेचतात, त्यामुळे ती जास्त उचलते. दोन्ही दुसऱ्या वेळेसाठी ठेवा.

पाठ आणि डोकं मागं टेकवून सरळ बसा. पट्टा खाली ओढा, तो खांद्याला लागला पाहिजे. कमरेचं बकल लावा. कर्मचारी प्रत्येक पट्टा हातानं ओढून बघतो. त्यानं तुमचा बघितला नाही असं वाटलं तर हात वर करून हाक मारा, लाजू नका.

मग पायाखालची फळी खाली जाते. पहिल्यांदा पोटात गोळा येतो तो इथंच, गाडी हलायच्या आधी. पाय हवेत, खाली रूळ. चढावर खालची झाडं बारीक होत जातात, लोकांचा आवाज विरतो, कट-कट तेवढी ऐकू येते. माथ्यावर क्षणभर सगळं शांत होतं. माझ्या शेजारी बसलेल्या नववीतल्या मुलीनं तिथं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "सर, आमची घरं हिकडनं दिसत असतील काय?"

उताराच्या क्षणी दोन गोष्टी करा. डोळे उघडे ठेवून रूळ कुठं वळतोय तिकडे बघा, म्हणजे शरीर वळणाला तयार राहतं. डोळे मिटले की मळमळ वाढते. आणि श्वास कोंडू नका, ओरडा. ओरडलं की श्वास आपोआप सुटतो. लूपच्या तळाशी अंग जड होईल, तेव्हा पोट आणि मांड्या आवळा, डोकं मागं टेकलेलंच ठेवा, मान वळवून शेजाऱ्याकडे बघू नका. अशा वळवण्यानं मानेला लागू शकतं.

ब्रेक लागले की गाडी एकदम मंदावते. फळी वर आल्याशिवाय आणि पट्टा सुटल्याशिवाय हलू नका.

उतरल्यावर

दहा मिनिटं सावलीत बसा, पाणी घोट-घोट प्या. हातपाय थरथरत असतील तर ते पंधरा मिनिटांत जातं. डोकं गरगरत असेल तर पुढची राइड घेऊ नका. मान किंवा डोकं दुसऱ्या दिवशीही दुखत राहिलं, हातापायाला मुंग्या आल्या, तर डॉक्टरांना दाखवा आणि कोस्टरवर बसला होता हे त्यांना आवर्जून सांगा.

जेवण साडेअकरा-बाराला उरका, गर्दीच्या आधी. पोट भरल्यावर दीड तास फक्त शांत राइड आणि खेळ. पाण्याच्या राइड दुपारी, कोरडे कपडे लॉकरमध्ये. संध्याकाळी शेवटच्या तासात लहान मुलांची कुटुंबं निघू लागतात आणि कोस्टरची रांग पुन्हा आखडते. दुसऱ्यांदा बसायचं असेल तर तेव्हाच, आणि या वेळी शेवटची ओळ मागा.

परतीला त्याच रात्री स्वतः गाडी चालवू नका. चालक वेगळा असेल तर निघा, नाहीतर सकाळी. रेल्वेचं तिकीट काढताना पार्क बंद होण्याच्या वेळेत तीन तास मिळवा, कारण बिडदीहून बेंगळूर स्थानकापर्यंत संध्याकाळच्या गर्दीत किती वेळ लागेल याचा नेम नसतो. आमची गाडी एकदा अशीच चुकता चुकता राहिली. अठ्ठावीस मुलं फलाटावरून पळत डब्यात चढली आणि लोंढ्यापर्यंत एकही जागं नव्हतं.